लाइनमनची केबल

रेइनो कांगास रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला जे बोलला ते बोलला नसता, तर त्याचा पुढचा आठवडा सुखात गेला असता. पण तिसरा कप रिकामा झाला की त्याची जीभ मोकळी व्हायची, आणि त्या दिवशी चौथा चालू होता.

"शहरातून माणूस कशाला बोलावताय?" तो पाद्रीबाईंना म्हणाला. "तोही येणार दहा दिवसांनी, पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी. दोन कॉम्प्युटर शेजारी ठेवायचे, मध्ये एक केबल टाकायची, की इकडची यादी तिकडे. मी चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्यात. या सरोवराच्या काठी जो कोणी फोनवर भांडला असेल, तो माझ्या तारेवरून भांडलाय."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. इर्या मात्र आपल्या कपाकडे बघत होती.

"शुक्रवारपर्यंत होईल?" तिने विचारलं. "शनिवारी अकराला वाइनोला ठेवायचंय."

"शुक्रवारी सकाळी यादी तुझ्या हातात," रेइनो म्हणाला.

मग त्याने लेंपीकडे, आपल्या बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरचा पावाचा चुरा तळहातात गोळा करत होती. पन्नास वर्षांच्या संसारात रेइनोला एवढं नक्की कळलं होतं, की लेंपी चुरा गोळा करायला लागली म्हणजे ती काहीतरी बोलायचं टाळते आहे.

वाइनो, इर्याचा नवरा, जानेवारीत गेला होता. मिशिगनच्या उत्तर टोकाला जानेवारीत जमिनीत कुदळ शिरत नाही. हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीच्या दगडी खोलीत थांबतात आणि मे महिन्यात, माती मोकळी झाली की, एकेकाला त्याची जागा मिळते. वाइनोची पाळी आता आली होती आणि त्याची जागा कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं.

इर्याचं मागणं एकच होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली मुलगी दोन दिवसांची होऊन गेली. त्या वेळी इर्या तापाने अंथरुणाला खिळलेली. वाइनोने एकट्याने मुलीला पुरलं आणि वर लाकडी क्रॉस लावला. पुढे पोटासाठी दोघं खाली डेट्रॉइटला गेली, वीस वर्षांनी परत आली, तोवर क्रॉस कुजून पडला होता. नेमकी जागा कुठली हे इर्याने कधी विचारलं नाही आणि वाइनोने कधी सांगितलं नाही. दोघंही फिनिश आईबापांची लेकरं. त्या घरांतून असल्या गोष्टी बोलत नाहीत, बसून कॉफी पितात. आता तिला वाइनोला मुलीशेजारी ठेवायचं होतं, आणि लहानग्यांच्या त्या कोपऱ्यात बिनदगडाच्या नुसत्या गवताच्या डझनभर जागा होत्या.

जागा यादीत होती. यादी रेइनोने केली होती.

चर्चचं मूळ रजिस्टर एप्रिलच्या पुरात तळघरात भिजून लगदा झालं. ते तळघरात नेऊन ठेवायची अक्कल रेइनोचीच. "वर उंदीर आहेत, खाली सुरक्षित राहील," असं तो म्हणाला होता. पण त्याआधी दहा वर्षांपूर्वी, तीन हिवाळे बसून, त्याने ते अख्खं रजिस्टर दोन बोटांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवलं होतं. त्यासाठी प्रत्येक कबरीपाशी स्वतः जाऊन, लोखंडी सळई खुपसून, म्हाताऱ्यांना विचारून त्याने खात्री केली होती. सहाशे चाळीस नावं. कागदावर छापून ठेव असं लेंपी दर वर्षी सांगायची. "कॉम्प्युटरमधून ती कुठे जातेय?" असं रेइनो दर वर्षी म्हणायचा. तेवढं त्याचं खरं ठरलं. यादी कुठेच जायला तयार नव्हती. प्रिंटर कधीच मेला होता. फ्लॉपीची खाच फ्लॉपी गिळायची आणि परत द्यायची नाही. या वसंतात तर पडदाही गेला. सगळी अक्षरं चिरडून मध्ये एक चकाकती आडवी रेघ उरली. नव्या जमान्यातला कुठलाच पडदा त्या मशीनला लागत नव्हता. आत डिस्क मात्र घरघरत होती, म्हणजे जीव होता. आंधळं, मुकं, पण सगळं आठवणारं मशीन. लेंपी म्हणाली, "माझी आजी शेवटी अशीच होती."

दुसरा कॉम्प्युटर रेइनोच्या मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप. त्याच्या पाठीमागे जुन्या मशीनसारखंच नऊ पिनांचं पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा, होती. म्हणजे काम उरलं केबलचं.

लायब्ररीतल्या बाईंनी सोमवारी एका जुन्या मासिकातलं पान काढून दिलं. त्यावर केबलची आकृती होती. रेइनोने ते घरी आणलं आणि टेबलावर ठेवलं. लेंपीने त्यावर कॉफीचं भांडं ठेवलं, आणि ते तिथेच राहिलं. रेइनोचं आणि छापील कागदाचं असंच होतं. दहाव्या वर्षी तो बापाबरोबर लाकूडतोडीच्या छावणीत गेला आणि शाळा मागे राहिली. अक्षरं त्याला अडतिसाव्या वर्षी लेंपीने शिकवली, याच टेबलाशी. तो वाचायचा, पण आधी हात, मग डोळे, आणि अगदीच अडलं तर कागद.

शिवाय खांबावर अक्षरं लागत नाहीत, रंग लागतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी. लाइनमनच्या धंद्यात सगळ्यांत मोठं पाप म्हणजे तार उलटी जोडणं. एकदा एका नवशिक्याने दोन जोड्यांची अदलाबदल केली, तर पाद्रीबाबांच्या घरची घंटा दारूच्या गुत्त्यात वाजायला लागली, आणि गुत्त्यावरची माणसं दोन दिवस लोकांना मोफत आशीर्वाद देत होती. रेइनोच्या हातून चाळीस वर्षांत एकही तार उलटी गेली नव्हती, आणि हे त्याने गावात सगळ्यांना, काहींना दोनदा, सांगितलेलं होतं.

मंगळवारी आणि बुधवारी त्याने शेडमधून जुन्या टेलिफोन केबलचा तुकडा शोधला, साल काढली, आणि चष्म्यावर चष्मा लावून नऊच्या नऊ तारा दोन्ही टोकांना सोल्डर केल्या. एकला एक, दोनला दोन, तीनला तीन. एकेक डाग मोत्यासारखा. गुरुवारी सकाळी त्याने प्रत्येक तार बझरवर वाजवून पाहिली. नऊही वाजल्या.

"बघ," तो लेंपीला म्हणाला. "याला म्हणतात काम."

"छान दिसतंय," लेंपी म्हणाली. "भिंतीवर लावू या."

केबल दोन्हीकडे खोचली. लॅपटॉप ऐकायला बसवला. जुन्या मशीनवर पडदा नसल्यामुळे हुकूम आंधळेपणाने टाइप करायचा होता. लेंपीने रेइनोच्या जुन्या वहीतून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, रेइनोने एकेक दाबलं. शेवटची कळ दाबून दोघं लॅपटॉपकडे बघत बसली. लॅपटॉपचा पडदा डिसेंबरातल्या सरोवरासारखा कोरा.

"आता ते काय करतंय?" लेंपीने विचारलं.

"त्याला लिहिता आलेलं नाही. मला पाठ आहे त्याचं बोलणं. आत बसून विचारत असणार, सोडून देऊ, पुन्हा करू, की दुर्लक्ष करू?"

"पन्नास वर्षांत मला एवढे तीन पर्याय कुणी दिले नाहीत," लेंपी म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

रेइनोने 'पुन्हा कर' ची कळ दाबली. मग आणखी एकदा. दुपारपर्यंत त्याने ती इतक्या वेळा दाबली, की कळीवरचं अक्षर पुसट झालं.

तीनच्या सुमाराला इर्या आली. हातात फडक्यात गुंडाळलेला वेलचीचा गोड पाव होता. ती दारातच थांबली.

"मी घाई करायला नाही आले," ती म्हणाली. "पाव जास्त झाला होता."

पाव अजून गरम होता. रेइनोने तिच्याकडे न बघता खुर्ची ओढून दिली.

"होत आलंय," तो म्हणाला.

"काही होत आलेलं नाही," स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाकडून लेंपी म्हणाली. "सकाळपासून एकच कळ दाबतोय. टाळी वाजवणाऱ्या माकडासारखा."

इर्या बसली. तिने केबल उचलून हातात घेतली, डाग बघितले. लग्नाआधी सहा वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला चोंगा, समोर भोकांची पाटी, हातात एकाची लाइन दुसऱ्याला जोडून द्यायच्या दोऱ्या. लाइनमन मंडळी तिथल्या पोरींना 'गप्पा मारायचा पगार घेणाऱ्या' म्हणायची. त्या पोरी लाइनमनना 'खांबावरची माकडं' म्हणायच्या. म्हणजे माकडाचा विषय लेंपीने पहिल्यांदा काढला असं नव्हतं.

"यातली बोलायची तार कुठली?" इर्याने विचारलं.

"मशीन तीन नंबरवरून बोलतं."

"आणि ऐकतं?"

"दोनवरून. दोघांचंही तसंच. म्हणून तर तीनला तीन जोडलाय, अगदी सरळ."

इर्याने केबल टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की रेइनो एकदम पंचवीस वर्षांचा झाला, खांबावरून उतरून एक्सचेंजच्या खिडकीत उभा असलेला.

"रेइनो, तू याचं तोंड त्याच्या तोंडाला लावलंयस."

"म्हणजे?"

"म्हणजे दोघं एकमेकांच्या तोंडात बोलतायत, आणि दोघांचे कान एकमेकांना चिकटवून ठेवलेत. कान कानाला काय सांगणार? मी बोलले तर ते तुझ्या कानात जायला हवं ना रे? याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड याच्या कानाला. तारा उलट्या करायच्या."

"उलट्या?" रेइनो म्हणाला. एखाद्या भल्या माणसाला दरोडा घालायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला. "मी आयुष्यात तार उलटी केलेली नाही."

"माहितेय. गावाला माहितेय. तुमच्या केबलमध्ये उलटं करायचं नसायचं, कारण ते काम आम्ही आत बसून करायचो. गप्पा मारता मारता."

लेंपीने घासत असलेलं पातेलं खाली ठेवलं आणि मोठ्याने हसली. रेइनोने बाजूला बघत कान खाजवला. चाळीस वर्षं तो खांबावर चढून समजत होता की टेलिफोन म्हणजे आपण. खाली खोलीत बसलेल्या पोरी दिवसातून हजारदा ते एकच काम करत होत्या, जे त्याला आज कळलं.

इर्या उठली. दारापाशी जाऊन ती वळली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"उद्या तीनला कबरी खणणारा गिडो मशीन घेऊन येणार," ती म्हणाली. "जागा नाही सापडली तर पाद्रीबाई म्हणतात मधोमध कुठेतरी ठेवू, जवळपासच असेल. पण मला जवळपास नकोय, रेइनो."

"नाही," तो म्हणाला. "जवळपास नाही."

संध्याकाळी त्याने दोन नंबर आणि तीन नंबरचे ते मोत्यासारखे डाग तापवून वितळवले आणि तारा उलट्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा. एक डाग वाकडा पडला. लेंपी म्हणाली की वयामुळे, आणि त्याने तसं म्हणू दिलं.

शुक्रवारी सकाळी सहाला पुन्हा हुकूम दिला. लॅपटॉप कोराच.

रेइनोने केबल काढून पुन्हा खोचली. मग त्याने कॉफीचं भांडं उचललं, आणि त्याखालचं पान ओढून घेतलं. पानावर तपकिरी गोल उमटलेला होता. तो अक्षरांखाली बोट ठेवून, ओठ हलवत, वाचायला लागला. एकेक ओळ दोनदा. मासिकवाल्याने लिहिलं होतं ते साधंच होतं. समोरून बघाल तर पिनांचे आकडे डावीकडून उजवीकडे, आणि सोल्डर करायला मागून बघाल तर उजवीकडून डावीकडे. नवशिके हमखास इथे चुकतात.

"लेंपी," त्याने हाक मारली. "मी नवशिका आहे."

"मला वाटलं होतंच," ती म्हणाली. "काय केलंस?"

"मी आकडे समोरून मोजले आणि डाग मागून दिले. ज्याला मी दोन समजत होतो तो चार आहे. सगळंच आरशातलं झालंय. इर्याने सांगितलेलं मी केलं, पण भलत्याच तोंडाला भलताच कान लावला."

"आणि हे पान सोमवारपासून इथे आहे."

"भांड्याखाली होतं."

"भांडं मी दिवसातून आठ वेळा उचलते," लेंपी म्हणाली. "तू एकदा उचलायचं होतंस."

त्याने पुढे वाचलं. आणखी एक गोष्ट होती. असलं जुनं मशीन बोलण्याआधी समोरच्याला विचारतं, 'तयार आहेस का?' समोरून 'तयार' असं आल्याशिवाय ते एक अक्षर सोडत नाही. पण केबल घरची असेल तर समोरच्याला त्रास द्यायची गरज नाही. मशीनची विचारायची पिन त्याच्याच उत्तराच्या पिनेला बारीक तारेने जोडून टाकायची. चारला सहा, सातला आठ. मग ते स्वतःच विचारतं, स्वतःच 'हो' म्हणतं आणि खुशीने बोलायला लागतं.

"असे मी पाहिलेत," लेंपी त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. "रविवारच्या कॉफीला."

साडेआठपासून रेइनोने नव्याने सुरुवात केली. या वेळी सुंदर डागांची हौस ठेवली नाही. तीनच तारा घेतल्या, बोलायची, ऐकायची आणि दोघांना समान अशी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. जुन्या मशीनच्या टोकाला दोन बारीक टाके घातले. लेंपी पान धरून प्रत्येक पिनेचा आकडा मोठ्याने सांगत होती आणि तो प्रत्येक वेळी "मागून ना?" असं विचारत होता. चौदाव्या वेळी ती म्हणाली, "मागून, रेइनो. आता आयुष्यभर सगळं मागून."

केबल तयार झाली तेव्हा ती साप चावल्यासारखी सुजलेली दिसत होती. दुपारचे बारा वाजले होते. इर्या येऊन बसली होती, या वेळी पावाशिवाय. लेंपीने अक्षरं वाचली, रेइनोने दाबली. शेवटच्या कळीवर त्याने बोट ठेवलं आणि जरा थांबला.

"दाब ना," इर्या म्हणाली.

त्याने दाबली.

आधी एक अक्षर आलं. मग दुसरं. मग ओळ भरायला लागली, म्हाताऱ्याने जिना उतरावा तशी, एकेक पायरी. पहिली ओळ, पहिली जागा, अठराशे नव्याण्णव साल. लेंपीने तोंडावर हात ठेवला. बोललो तर ते थांबेल असं रेइनोला उगाच वाटत होतं. नावं वर सरकत राहिली. खाणीत गेलेले, सरोवरात गेलेले, फ्लूच्या साथीत एका आठवड्यात गेलेले पाच भाऊ. आपण दोन बोटांनी किती मुडदे उचलले याचा त्याला पहिल्यांदा अंदाज आला.

लहानग्यांचा कोपरा यायला वीस मिनिटं लागली. इर्या खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या इतकी जवळ बसली होती, की तिच्या श्वासाने काच धूसर होत होती.

मग ते आलं. रेइनोने दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं, त्याच्या त्या तुटक भाषेत:

'ओळ अकरा, जागा चार. मुलगी, दोन दिवस. वाइनो आणि इर्याची. दगड नाही. वाइनो स्वतः येऊन दाखवून गेला. म्हणाला, दोन्ही बाजूंच्या जागा ठेव. उत्तरेला खडक आहे, ती मला. दक्षिणेची माती मऊ आहे, ती इर्याला.'

पुढची नावं येत राहिली, पण ती कुणी वाचत नव्हतं.

"मला आठवायला हवं होतं," रेइनो शेवटी म्हणाला. "तो माझ्याबरोबर उभा होता. मी लिहिलं आणि विसरलो. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर मी डोक्यातून काढून टाकलं."

"त्याने तुला सांगितलं," इर्या म्हणाली. "मला नाही."

"तुला सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं."

इर्याने नाक ओढलं. तो हुंदका होता की हसू ते रेइनोला कळलं नाही. "पेन्सिल दे," ती म्हणाली. "ही ओळ कागदावर हवी. आत्ताच्या आत्ता."

तीनला गिडो आपलं पिवळं खोदाईचं मशीन घेऊन दफनभूमीत आला. रेइनोने दोरी लावून ओळ अकरा मोजली, मग चार जागा मोजल्या, आणि मग, या आठवड्यात स्वतःबद्दल जे काही कळलं होतं ते लक्षात ठेवून, दुसऱ्या बाजूनेही मोजलं. दोन्ही मोजण्या एकाच गवतावर येऊन मिळाल्या. त्याच्या उत्तरेला त्याने खुंटी ठोकली. खुंटी चार बोटं गेली आणि अडली.

गिडोच्या मशीनचा दात तिसऱ्याच खेपेला दगडावर कचकन आपटला. गिडोने इंजिन बंद केलं आणि आपल्या आजीच्या इटालियनमध्ये काहीतरी म्हणाला.

"बाई, तुम्हाला शपथ आहे," मग तो सगळ्यांना कळेल असं म्हणाला. "चार हात पलीकडे लोण्यासारखी माती आहे. तिकडे घेऊ या ना. रात्रीपर्यंत तुमचा नवरा आणि मी दोघंही मोकळे."

"नाही," इर्या म्हणाली. "त्याने ही मागितलीय."

"खडक कुणी मागतं?"

"तो मागायचा."

गिडोने रेइनोकडे पाहिलं. रेइनोने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस. माझ्या बोलण्यावर या आठवड्यात कुणी भरवसा ठेवू नये."

शिव्या देत गिडोने ट्रकमधून दोन पहारी काढल्या. एक रेइनोच्या हातात दिली. चौऱ्याहत्तर वर्षांचा लाइनमन आणि साठीचा गिडो खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसले आणि खडकाची भेग शोधायला लागले. लेंपी दूरच्या बाकावरून ओरडत होती की पाठ मोडली तर मी चोळणार नाही.

इर्या त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मुलीच्या गवताला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला गेली. बुटाच्या टोकाने तिने माती दाबून पाहिली. मग बूट काढला, मोजा काढला, आणि उघडा पाय तिथे ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

माती खरंच मऊ होती.